आकाशातली टपाल आणि चंद्रभागेचे पाणी

चंद्रभागेला पाणी किती चढले हे पंढरपूरकरास वर्तमानपत्रात वाचावे लागत नाही. पुंडलिकाच्या देवळाला पाण्याने वेढा घातला, दगडी पुलास पाणी लागले, पूल दिसेनासा झाला, व्यासनारायण झोपडपट्टीतली माणसे सामान डोक्यावर घेऊन निघाली. ही त्याची मोजपट्टी, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. तिच्यात उणीव एकच. पाणी आले म्हणजे ती बोलते, येण्यापूर्वी बोलत नाही.

घाटाजवळ दुकान असलेल्या एका स्नेह्याने आम्हांस मध्यंतरी विचारले, "मास्तर, त्या उपग्रहाला म्हणे वरून मोटारीचा नंबरसुद्धा वाचता येतो. मग माझ्या दुकानात पाणी शिरणार हे आदल्या रात्री कोणी का सांगत नाही?" मोटारीच्या नंबराची गोष्ट खरी नव्हे, तितके बारीक अक्षर उपग्रहास वाचता येत नाही. परंतु प्रश्नाचा उरलेला भाग खराच होता, आणि त्याचे उत्तर आम्हांस उभ्याउभ्या देता आले नाही. ते येथे सावकाश देण्याचा विचार आहे.

प्रथम पाणी येते कोठून ते ध्यानात घेऊ. भीमेवर वरच्या अंगास उजनीचे धरण आहे. ते १९८० साली पुरे झाले आणि त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. पण उजनीची दारे बंद असली म्हणजे पंढरपूर निर्धास्त झाले असे नाही. उजनीच्या खाली नीरा-नरसिंहपूर येथे नीरा नदी भीमेला मिळते, आणि नीरेवर वीर धरण आहे. दोन दाव्यांनी ओढली जाणारी ही गाय आहे. शिवाय तिसरी वाट आहे, ती म्हणजे दोन्ही धरणांच्या खाली पडणारा पाऊस. ऑक्टोबर २०२० मध्ये हेच घडले. बंगालच्या उपसागरात निर्माण झालेला कमी दाबाचा तीव्र पट्टा १३ तारखेस काकिनाड्याजवळ किनारा ओलांडून तेलंगणातून पश्चिमेकडे सरकला आणि १४ तारखेस सोलापूर जिल्ह्यावर कोसळला. त्या दिवशी येथे कुंभार घाटाची भिंत पडून सहा माणसे गेली. ती भिंत पडणार हे कोणत्याही उपग्रहास दिसले नसते, हे आधीच सांगून टाकतो. विज्ञानाच्या नावावर भलता दावा आम्हांस करावयाचा नाही. परंतु त्यानंतरच्या दोन दिवसांत भीमेकाठी पाणी कोठवर पसरत होते, कोणती वाडी वेढली जात होती, हे मात्र वरून दिसण्याजोगे होते.

दिसण्याजोगे होते, पण कोणाला? येथे उपग्रहांच्या दोन जाती वेगळ्या ओळखल्या पाहिजेत.

एक जात विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर अंतरावर राहते. तेथे फिरण्याचा वेग पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याशी जुळतो, म्हणून असा उपग्रह आपल्या डोक्यावर एके ठिकाणी टांगल्यासारखा दिसतो. आपले इन्सॅट मालिकेतील हवामान उपग्रह ह्या जातीचे. दूरचित्रवाणीवर ढगांचे जे चित्र आपण पाहतो ते त्यांचे. ते अष्टौप्रहर जागे असतात आणि आपल्या भूकेंद्राच्या नजरेआड कधीच होत नाहीत, म्हणून त्यांची माहिती अडून राहात नाही. पण इतक्या उंचीवरून दिसणार किती? २०२४ च्या फेब्रुवारीत सोडलेल्या इन्सॅट-३डीएसच्या चित्रातील सर्वांत बारीक ठिपका सुमारे एक किलोमीटरचा. महाद्वारापासून पैलतीरापर्यंतचे सारे वाळवंट अशा एका ठिपक्यात बुडून जाते. ढग पाहावयास हा डोळा उत्तम. घाट पाहावयास निरुपयोगी.

दुसरी जात सहा-सातशे किलोमीटर उंचीवरून, उत्तर-दक्षिण ध्रुवांवरून घिरट्या घालते. एक फेरी सुमारे शंभर मिनिटांची. ह्यांचे डोळे तीक्ष्ण. त्यांतही साधा कॅमेरा घेतलेला उपग्रह पावसाळ्यात ढगांच्या पाठी पाहात बसतो. रडार घेतलेला मात्र ढगांतून आणि अंधारातून पाहतो, कारण तो स्वतः लहरी सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपतो. स्तब्ध पाण्यावर पडलेली लहर आरशावरून परावर्तित व्हावी तशी पलीकडे निघून जाते, परत येत नाही. म्हणून रडारच्या चित्रात पाणी काळे दिसते. भारताचा रिसॅट-१ हा उपग्रह २०१२ साली, त्याचाच पुढचा भाऊ ईओएस-०४ हा २०२२ साली आणि भारत-अमेरिका ह्यांनी मिळून केलेला निसार ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून वर गेला. तिघेही रडारवाले.

ह्या दुसऱ्या जातीची अडचण अशी की, ती थांबत नाही. सेकंदास सात-साडेसात किलोमीटर ह्या वेगाने उपग्रह धावत असतो. चित्र काढले खरे, पण ते जमिनीवर उतरवावयाचे तर खाली एखादे भूकेंद्र नजरेच्या टप्प्यात असावे लागते. पूर्वी एस.टी.च्या गाडीतून टपालाची पिशवी जात असे, ते आठवावे. पिशवीतले पत्र वाटेतल्या गावाचे असले तरी गाडी मधेच उभी राहात नसे. पिशवी स्टँडवरच उतरावयाची. उपग्रहाच्या पोटातील स्मरणकोश ही ती पिशवी आणि भूकेंद्र हे स्टँड. एका केंद्रावरून उपग्रह गेला तर फार तर दहा-बारा मिनिटे दिसतो. तेवढ्यात उतरेल तेवढे उतरावयाचे, राहिलेले पुढच्या स्टँडवर.

आपले मुख्य स्टँड हैदराबादेजवळ शादनगर येथे आहे. १९७९ साली तेथे अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाची चित्रे घेण्यास आरंभ झाला आणि १९८८ च्या मार्चमध्ये आपला आयआरएस-१ए वर गेल्यापासून आपल्या स्वतःच्या उपग्रहांची. पंढरपूरपासून शादनगर सरळ रेषेत तीनशे किलोमीटरांच्या आसपास भरेल, आणि सातशे किलोमीटर उंचीवरील उपग्रहास चोहोबाजूंनी दोन हजार किलोमीटरांहून दूरचे दिसते. म्हणजे आपला उपग्रह चंद्रभागेवर असतो तेव्हा शादनगर त्याला डोळ्यांसमोर असते. चित्र काढीत असतानाच तो ते खाली पाठवू शकतो. येथे चाणाक्ष वाचक म्हणेल, मग अडले कोठे?

अडते ते असे. एकच उपग्रह रोज पंढरपुरावर येत नाही. निसारची वाट बारा दिवसांनी पुन्हा तीच होते. जाता-येता धरून बारा दिवसांत सरासरी दोन वेळा तो एखादे ठिकाण टिपतो. पूर काही त्याचे वेळापत्रक पाहून येत नाही. चार दिवसांच्या पुरात आपला उपग्रह एकदाही वरून न जाणे सहज शक्य आहे. तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांनी पाहावे लागते. ह्यासाठी आंतरराष्ट्रीय करार झालेला आहे. मोठी आपत्ती आली असता निरनिराळ्या देशांच्या अवकाशसंस्था आपापल्या उपग्रहांची चित्रे विनामूल्य देतात. भारताची इस्रो २००१ पासून त्यात आहे, आणि २०१८ च्या केरळच्या पुरात ह्या कराराचा उपयोग झाला. पण ह्या पाहुण्या उपग्रहांचे स्टँड शादनगर नव्हे. युरोपच्या सेंटिनेल-१ ह्या रडार उपग्रहांचे एक मोठे केंद्र नॉर्वेच्या उत्तरेस स्वालबार्ड बेटावर, जवळजवळ ध्रुवाशी आहे. कारण उघड आहे: ध्रुवांवरून जाणारा उपग्रह प्रत्येक फेरीत तेथे येतोच.

आता थोडे गणित करू. पंढरपूर उत्तर अक्षांश सुमारे १७ पूर्णांक ७ वर, स्वालबार्ड ७८ वर. पाहुणा उपग्रह दक्षिणेकडून उत्तरेकडे जात असेल तर साठ अंशांचे हे अंतर तो साडेसोळा मिनिटांत कापतो, आणि स्वालबार्ड त्याआधीच त्याच्या टप्प्यात येते. ही वाट बघणे सुसह्य आहे. पण तो उत्तरेकडून दक्षिणेकडे जात असेल तर? मग त्याने विषुववृत्त ओलांडावयाचे, दक्षिण ध्रुवास वळसा घालावयाचा, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाने वर चढावयाचे आणि मग स्वालबार्ड. हे २७६ अंश होतात, म्हणजे सव्वा तास. अंटार्क्टिकावर केंद्र असेल तर पिशवी अर्ध्या तासात उतरते. भारताच्या 'भारती' तळावर असे केंद्र आहे, पण ते आपल्या उपग्रहांसाठी. आणि तेथेही रांग असते. सेंटिनेल-१ सेकंदास ५२ कोटी 'होय-नाही'च्या खुणा खाली पाठवितो. दहा मिनिटांत ३१,२०० कोटी. आकडा अवाढव्य वाटतो, पण साऱ्या पृथ्वीचे टपाल त्यात असते आणि आपल्या भीमेचे पत्र पिशवीच्या तळाशी असू शकते.

पत्र वर जाण्यासही हीच अट आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. 'अमुक वेळी कॅमेरा तमुक नदीवर रोख' हा हुकूम उपग्रहास खालूनच द्यावयाचा असतो. तो देण्यासाठीही तो एखाद्या केंद्राच्या टप्प्यात यावा लागतो. रात्री दहा वाजता पाणी वाढले आणि उपग्रह पॅसिफिक महासागरावर असेल तर त्याला सांगणार कसे? आमच्या मते पूरग्रस्ताच्या दृष्टीने चित्र उतरविण्यातील विलंबापेक्षा हा हुकूम चढविण्यातील विलंब अधिक महागाचा आहे. उतरणारे चित्र तासाभराने का होईना येते, हुकूम चुकला तर चित्रच निघत नाही.

ह्यावर जुना उपाय असा की, उंचावरच्या उपग्रहास मध्यस्थ करावयाचे. खालचा उपग्रह जमिनीकडे न पाहता वर पाहतो, ३६,००० किलोमीटरांवरील मध्यस्थाच्या हाती टपाल देतो, आणि तो मध्यस्थ ते आपल्या केंद्रावर टाकतो. अमेरिकेने १९८३ च्या एप्रिलमध्ये चॅलेंजर यानातून असा पहिला मध्यस्थ वर नेला. युरोपने २०१६ पासून लेसर किरणांवर चालणारी अशीच व्यवस्था उभारली. सेंटिनेल उपग्रह तिचा उपयोग करतात. परंतु हा मध्यस्थ फार लांब आहे. अंतर दुप्पट झाले की संदेशाचा जोर चौथाई होतो. दोन हजार किलोमीटरांवरच्या सोबत्याशी बोलणे आणि छत्तीस हजारांवरच्याशी बोलणे ह्यांत अठरापट अंतर, म्हणजे जोर तीनशेचोवीसपट कमी. एवढ्या लांब हाक मारावयाची तर घसा मोठा पाहिजे, अर्थात यंत्र जड आणि खर्चाचे. लहान उपग्रहास ते परवडत नाही.

आता गेल्या काही वर्षांत आकाशात एक निराळीच गोष्ट घडली आहे. घरोघर इंटरनेट पुरविण्यासाठी एका अमेरिकन कंपनीने स्टारलिंक ह्या नावाने पाचशे किलोमीटरांच्या आसपास उंचीवर हजारो उपग्रह सोडले. २०२५ मध्ये त्यांची संख्या आठ हजारांच्या वर गेली. एखाद्या रात्री ओळीने चालणाऱ्या दिव्यांची माळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ती ह्यांचीच, नुकतीच सोडलेली. हे उपग्रह लेसरने एकमेकांशी बोलतात. विहिरीपासून आगीपर्यंत माणसांची रांग लावून घागरी हातोहात पोहोचवितात, त्याप्रमाणे एकाने घेतलेला संदेश दुसरा, तिसरा करीत ज्याच्या खाली केंद्र असेल त्याच्यापर्यंत जातो. रांग पृथ्वीभर लागलेली असल्यामुळे नवख्याने कोठूनही घागर दिली तरी ती पोहोचतेच. ही रांग मुळात घरगुती ग्राहकांसाठी लावलेली. पृथ्वी पाहणाऱ्या उपग्रहांनी तीत हात घालावा, ही कल्पना मागाहूनची.

ती वाटते तितकी सोपी नाही. घरच्या छपरावरील ताटलीशी हे उपग्रह रेडिओलहरींनी बोलतात, आणि त्यांची ती सारी शिंगे खाली वळलेली असतात. उंच खांबांवरचे दिवे खाली प्रकाश टाकतात तसे. जमिनीवर एका दिव्याचा उजेड दुसऱ्यात मिसळतो, अंधार उरत नाही. पण खांबांच्या टोकाशी उडणाऱ्या पाखरास दोन दिव्यांच्या मधे काळोखच असतो, आणि खांबांच्या वर उडणाऱ्यास तर उजेड मिळतच नाही. सातशे किलोमीटरांवरचा निसार किंवा सेंटिनेल हे खांबांच्या वरचे पाखरू आहे. त्याने ह्या रांगेत यावयाचे तर त्याच्याजवळ लेसर पाहिजे. दोघेही सेकंदास सात-साडेसात किलोमीटर धावत असताना हजारो किलोमीटरांवरील सोबत्यावर सुईसारखा किरण रोखून धरावयाचा, आणि थोड्या वेळाने तो सोबती दृष्टीआड झाला की दुसऱ्यावर. पालखीचा खांदा बदलतो तेव्हा पालखी खाली टेकत नाही. येथेही किरणाचा खांदा बदलताना संदेश तुटता कामा नये.

हे होऊ शकते, ह्याचा पुरावा सप्टेंबर २०२४ मध्ये मिळाला. 'पोलॅरिस डॉन' ह्या चौघा प्रवाशांच्या अवकाशयानाने स्टारलिंकच्या माळेशी लेसरने संधान बांधले आणि ध्वनिचित्रे खाली पाठविली. पुढे कंपनीने दुसऱ्यांच्या उपग्रहांवर बसविण्याजोगे लहान लेसरयंत्र काढले. ते चार हजार किलोमीटरांपर्यंत सेकंदास २,५०० कोटी खुणा पाठवू शकते असे कंपनी सांगते. सेंटिनेलची दहा मिनिटांची पिशवी त्या हिशेबाने साडेबारा सेकंदांत रिकामी होईल. हा कागदावरचा हिशेब आहे. म्युऑन स्पेस ह्या कंपनीने आपल्या वणवे शोधणाऱ्या उपग्रहांवर हे यंत्र बसविण्याचे २०२५ मध्ये जाहीर केले आहे. वणव्यात मिनिटांचा हिशेब असतो, म्हणून तेथून आरंभ व्हावा हे योग्यच. पुराचे काम त्याच जातीचे.

तर मग आमच्या स्नेह्याच्या दुकानाचे काय? आकाशातील वाट पाहणे सव्वा तासावरून काही सेकंदांवर येईल, आणि हुकूम कोणत्याही क्षणी चढविता येईल, ही मोठीच प्राप्ती आहे. पण चित्र लवकर आले म्हणजे ते वाचता आले असे नव्हे. आणि आपल्या गावाचे चित्र वाचावयास विशेष कठीण आहे. वर सांगितले की रडारला पाणी काळे दिसते. परंतु कोरडी सपाट वाळूदेखील काळीच दिसते. चंद्रभागेचे वाळवंट आणि चंद्रभागेचे पाणी ह्यांत रडारची गल्लत होऊ शकते! उलट, गल्लीबोळांत शिरलेले पाणी उजळ दिसते, कारण पाण्यावरून उडालेली लहर घराच्या भिंतीवर आपटून थेट परत येते. म्हणजे पिकांतला पूर रडार चांगला दाखवील. वस्तीतला पूर, जो माणसांच्या जिवावर उठतो, तोच नेमका लपवील. त्यासाठी कोरड्या दिवसांतले चित्र शेजारी ठेवून फरक काढावा लागतो आणि तो फरक ह्या गावचे घाट ओळखणाऱ्या माणसाने तपासावा लागतो. हे काम लेसरने होत नाही.

शिवाय आदल्या रात्रीची सूचना हवी असेल तर ती पसरलेल्या पाण्याच्या चित्रातून मिळावयाची नाही. ती वरच्या खोऱ्यातील पावसातून आणि धरणांच्या विसर्गातून मिळेल. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत जलसंपदा विभागाने स्वयंचलित पर्जन्यमापक व नदीची पातळी मोजणारी यंत्रे बसविली आहेत. डोंगरातल्या अशा निर्मनुष्य यंत्रांचे आकडे गोळा करून खाली पाठविण्याची सोय इन्सॅट उपग्रहांवर पहिल्यापासून आहे. आकाशातून माहिती हातोहात पाठविण्याचा हा आपला जुना, साधा आणि अल्पखर्ची प्रकार. चित्रांच्या झगमगाटात ह्या दोन-चार आकड्यांची उपेक्षा होऊ नये असे आम्हांस वाटते, कारण दुकानदारास रात्री नऊ वाजता जे सांगता येईल ते ह्या आकड्यांवरूनच. चित्राचे काम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते: नाव कोणत्या वाडीस आधी न्यावयाची, कोणता रस्ता तुटला, पासष्ट एकरांतील तळ कोठे हलवावयाचा. आषाढीस पावसाळा ऐन भरात असताना लाखो माणसे नदीच्या पात्रात आणि काठावर असतात. त्या दिवशी असे चित्र तासाने उशिरा येणे आणि दहा मिनिटांत येणे ह्यांतील अंतर कोणाही पोलिसाने सांगावे.

एक शंका मनात राहते. ही रांग दुसऱ्याच्या मालकीची आहे. आपल्या नदीचे चित्र परदेशी खाजगी कंपनीच्या हातांतून यावयाचे, तर तिचा दर, तिची मर्जी आणि तिच्या सरकारचे धोरण ह्यांवर आपण अवलंबून राहणार. अमेरिकेच्या अवकाशसंस्थेनेच नोव्हेंबर २०२४ पासून आपल्या जुन्या सरकारी मध्यस्थांवर नवे ग्राहक घेणे बंद केले आणि नव्यांना खाजगी सेवांची वाट दाखविली. श्रीमंत देशाने असे करणे निराळे. खाजगी कंपनी त्याच्याच कायद्याखाली आहे. माणसास अवकाशात नेण्याच्या कार्यक्रमासाठी स्वतःचे मध्यस्थ उपग्रह सोडण्याची योजना भारताने आखलेली आहे. ते आले म्हणजे पृथ्वी पाहणाऱ्या आपल्या उपग्रहांनाही त्यांचा आधार मिळावा, ही मागणी आतापासून केली पाहिजे. शादनगर तर आहेच. आपल्या डोक्यावरील आपल्या उपग्रहास मध्यस्थाची गरज नाही, हे वर पाहिले.

परंतु ह्या माळेचे दुसरे टोक आपल्या अधिक जवळ आहे. पूर आला की वीज जाते, मग मोबाइलचा मनोरा बंद पडतो, आणि रस्त्याकडेची तार वाहून जाते. सोलापुरात चित्र तयार असते आणि नदीकाठच्या गावात ते पोहोचत नाही. स्टारलिंकला भारतात सेवा देण्याचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने दुर्गम भागांत ही सेवा नेण्यासाठी तिच्याशी इरादापत्र केले. छपरावर ताटली आणि खाली बॅटरी एवढ्यावर ती चालते. नदीकाठच्या ग्रामपंचायतींत अशी ताटली ठेवावयाची झाली तर ती पावसाळ्यापूर्वी बसवून, रात्री वीज बंद करून एकदा चालवून पाहावी, आणि बॅटरी पाण्याच्या जुन्या खुणेच्या वर ठेवावी. ती खूण कोठवर आहे हे गावातील म्हाताऱ्यांना विचारले की ते भिंतीवर हात ठेवून दाखवितात.